सुटलं नाही, दुबार नाही

चारठाण्याच्या आमच्या शाळेत गणिताच्या तासाला सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं, तर "मॅडम, बरोबर आलं का?" उदाहरण झालं की वही टेबलावर येते, मी बरोबरची खूण करते, वही परत जाते. खूण झाली की विषय मिटला. पोरं बावळट नाहीत. आडतीवर कापसाच्या वजनातून कडता किती कापला हे त्यांना कधीकधी बापाच्या आधी कळतं. बाजारात सुट्टे पैसे मोजून घेताना ती कुणाच्या खुणेसाठी थांबत नाहीत. वहीतल्या उत्तराची खात्री मात्र त्यांना माझ्याकडूनच हवी असते.

यावर मी जे गणित हाताशी धरलं ते दहावीच्या परीक्षेत येत नाही. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, म्हणजे सुट्या सुट्या, एक-दोन-तीन करत मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित. मांडण्या किती, निवडी किती, रेघा न गिरवता आकृती निघते का, असल्या गोष्टींचं. आपल्या पाठ्यपुस्तकांत नववीला 'संच' येतो, दहावीला 'संभाव्यता' येते, आणि क्रमचय-संचय थेट अकरावीत, तेही सूत्राचा हात धरून. मधल्या काळात या गणिताकडे कुणी फिरकत नाही. मला ते सोयीचं वाटलं. ज्या धड्याचं गाईड बाजारात नाही, त्याचं उत्तर मुलांना कुठून आयतं मिळणार नव्हतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्यातला एक तास मी नववीसाठी मागून घेतला आणि अट घातली की या तासाला मी बरोबर किंवा चूक म्हणणार नाही. फळ्यावर फक्त प्रश्न लिहीन. उत्तर ज्यांनी काढलं त्यांनी ते बाकीच्यांना पटवायचं. पटलं नाही तर उत्तर अजून आलेलं नाही, असं धरायचं. मुलांना हे फार विचित्र वाटलं. एकाने विचारलंच, "मॅडम, मग तुम्ही काय करणार?"

पहिला प्रश्न दिला तो मूर्तींचा. चारठाणा हे जुन्या देवळांचं गाव. जिंतूर तालुक्याबाहेर गावाचं नाव कुणाला ठाऊक असलं तर ते देवळांमुळे आणि तिथल्या उंच दगडी स्तंभामुळे. चार हातांच्या मूर्ती मुलांनी पाहिलेल्या असतात. वर्गात सगळ्या घरांतली मुलं आहेत, म्हणून मी चिठ्ठ्यांवर नुसती चित्रं काढली: शंख, चक्र, गदा, कमळ. चार हात, चार वस्तू, एका हातात एकच. वेगवेगळ्या मूर्ती किती?

प्रश्न माझा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त तो जवळजवळ असाच आहे, शेवटाकडच्या अंकपाश या प्रकरणात. हे मी मुलांना तेव्हा सांगितलं नाही. एवढं मोठं नाव घेतलं की मुलं गप्प होतात आणि सर सांगतील ते लिहून घेतात.

उत्तरं आली ती अशी: बारा, सोळा, वीस, बावीस, चोवीस. प्रत्येक गट आपल्या आकड्यावर ठाम. सोळावाल्यांचं म्हणणं, चार हात आणि चार वस्तू, म्हणजे चार चोक सोळा, यात विचारायचं काय? वीसवाल्यांनी वीस मूर्ती काढून दाखवल्या. मग बावीसवाल्यांनी त्यांना न सापडलेल्या दोन दाखवल्या. वीसवाल्यांनी उलट त्यांचीच यादी तपासली आणि एक मूर्ती दोनदा आलेली पकडली. "ही दुबार हाय," तो मुलगा म्हणाला. मतदार यादीत नाव दुबार येतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तिथला शब्द त्याने सरळ इथे आणला. पुढे आमच्या तासाला हाच शब्द रुळला. कुणीही यादी वाचली की दोन प्रश्न ठरलेले: राहिलं नाही कशावरून? दुबार नाही कशावरून?

तो पहिला तास बराचसा आरडाओरड्यात गेला. शेजारच्या वर्गातले सर दोनदा डोकावून गेले. पण शेवटाकडे एक मुलगी, जी एरवी वहीत तोंड घालून बसते, तिने आपल्या चिठ्ठ्या वेगळ्या लावल्या. वरच्या उजव्या हातात शंख पक्का धरला आणि उरलेल्या तिघांना फिरवत बसली. सहा झाल्या. मग त्या हातातून शंख काढून चक्र ठेवलं आणि पुन्हा सहा. तिसऱ्यांदा तिने मांडल्याच नाहीत. म्हणाली, "आता काहून मांडू? सहाच येतेल."

चोवीस हे उत्तर तिच्याआधी दोन गटांनी काढलेलं होतं. फरक असा की त्यांच्याकडे चोवीस मूर्तींची यादी होती आणि तिच्याकडे चोवीसच का, याचं कारण होतं. पंचविसावी मूर्ती असूच शकत नाही, हे ती न मांडता सांगू शकत होती. सोळावाल्यांनी तिला बरंच छळलं, पण शेवटी तेच गप्प झाले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुढच्या तासाला मी लीलावतीबद्दल सांगितलं. विष्णूच्या चार आयुधांच्या अदलाबदलीने चोवीस रूपं होतात, आणि संध्येत घेतात ती केशव, नारायण, माधव अशी कृष्णापर्यंतची नावंही चोवीसच. कोणत्या नावाला कोणता क्रम, याबद्दल जुन्या ग्रंथांत एकवाक्यता नाही. पण नावं चोवीसच्या पुढे नाहीत. भास्कराचार्य तिथेच दहा हातांच्या शंकराचाही प्रश्न घालतात: दहा हात, दहा वस्तू. मुलांनी चारवरून पाच केले, पाचवरून सहा, आणि गुणाकार करत दहापर्यंत पोचली. छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. एवढ्या मूर्ती मांडायच्या तर किती वेळ लागेल, अशी शंका निघाली. सेकंदाला एक धरून पोरांनी भागाकार केला. दिवसरात्र न झोपता बरोबर बेचाळीस दिवस, एक सेकंद कमी नाही की जास्त नाही. भागाकार निःशेष गेला याचंच त्यांना जास्त कौतुक. मग "बरोबर का गेला?" यावर अर्धा तास गेला.

या पद्धतीबद्दल एक गैरसमज आहे, तो आमच्या स्टाफरूममध्येही आहे: मुलांना सोडून द्यायचं, ती आपली आपण शोधतील, शिक्षकाने खुर्चीत बसायचं. उलट आहे. सूत्र सांगून शिकवताना तयारी एका रात्रीत होते. इथे प्रश्न निवडायला मला आठवडा लागतो. प्रश्न असा हवा की पहिल्या पाच मिनिटांत प्रत्येकाला काहीतरी मांडता यावं, नुसत्या अंदाजाने केलेलं उत्तर बहुधा चुकावं, आणि चुकलं आहे हे मुलांना स्वतःलाच दिसावं. शेवटची अट सगळ्यात अवघड. बीजगणितात चिन्ह चुकलं तर मुलाला ते दिसत नाही, त्याला मीच लागते. मोजणीत मात्र राहिलेली मूर्ती शेजारचा पोरगा आणून समोर ठेवतो. म्हणून मी या गणिताला धरून बसले आहे.

दुसरं कारण आमच्या भागाचं आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली काही मुलं आई-बापाबरोबर कारखान्याच्या हद्दीत जातात, काही आजीजवळ राहतात. जी जातात ती परत येतात तेव्हा वर्गसमीकरणं किंवा श्रेढी पुढे निघून गेलेली असते आणि मागचं सुटलेलं असल्यामुळे पुढचं काहीच लागत नाही. शनिवारच्या तासाला असं होत नाही. कालपर्यंत फडात असलेलं पोरगंही आज चिठ्ठ्या हातात घेऊन बसू शकतं. मागचा धडा आला नाही म्हणून कुणी अडत नाही.

पायऱ्यांचा प्रश्न या वर्गात सर्वांत जास्त काळ चालला. गावात जुन्या बारवा आहेत आणि बारवेच्या पायऱ्या पोरं कधीच एकेक करून चढत नाहीत. प्रश्न साधा: एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढता येतात. दहा पायऱ्या किती तऱ्हांनी चढता येतील? दहा नको, आधी एक करा, दोन करा, असं सांगायची गरज पडली नाही. मूर्तींमुळे तेवढं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. एक पायरी, एक तऱ्हा. दोन पायऱ्या, दोन. तीन पायऱ्या, तीन. "चाराला चार!" एकाने जाहीर करून टाकलं आणि दहाला दहा असं लिहून वही मिटली. चाराला पाच निघाल्या. त्याने पाचातली एक दुबार आहे हे सिद्ध करायचा फार प्रयत्न केला.

पाच पायऱ्यांना आठ, सहाला तेरा. इथे बहुतेकांना दिसलं की आधीचे दोन आकडे मिळवले की पुढचा येतो. दहाला एकोणनव्वद. वर्ग खूश. मी म्हटलं, सहापर्यंत तुम्ही मोजलं, पुढचं तुम्ही मानून चाललात. चाराला चार असंही एकाने मानलंच होतं. मोजलेलं आणि मानलेलं यांत फरक काय?

यावर मुलं चिडली. वर्गातला पहिल्या नंबरचा मुलगा तर उघडच रागावला. त्याचं म्हणणं, आकडे जुळतात, नियम सापडला, आता आणखी काय पाहिजे? त्याचा राग मला समजतो. आजवर त्याने जे गणित केलं त्यात उत्तर आलं की काम संपायचं, आणि त्यात तो सगळ्यांच्या पुढे होता. इथे उत्तर आल्यावर काम सुरू होत होतं, तेही अशा मुलांसमोर ज्यांना तो कधी मोजतच नव्हता. त्याने पुढचे काही तास तोंड फुगवून काढले. असल्या तासांनी सगळ्यांना गणित आवडू लागतं, असं मी म्हणणार नाही. मागच्या बाकावरच्या दोघांना सूत्राच्या तासालाही झोप यायची आणि इथेही यायची.

'आधीचे दोन का मिळवायचे' हा प्रश्न दोन-तीन शनिवार तसाच फळ्यावर राहिला. मधे आम्ही दुसरं काहीबाही करत होतो. उलगडा केला तो एका मुलाने, शाळेच्या जिन्यावरून उतरताना. त्याचं सांगणं असं: "चढून आल्यावर मागं वळून बगा. शेवटची उडी एकतर एकाची होती, नाहीतर दोनाची. एकाची आसल तर तुम्ही त्याच्या आधी नवव्या पायरीवर होता. दोनाची आसल तर आठव्या. नवव्यापर्यंत यायच्या जेवढ्या तऱ्हा आन् आठव्यापर्यंत यायच्या जेवढ्या, तेवढ्याच मिळून दहाव्याच्या." यात राहिलं काही नाही, कारण शेवटची उडी या दोहोंपैकीच असणार. दुबार काही नाही, कारण ती दोन्ही असू शकत नाही. ही शेवटची ओळ त्याची नाही, वर्गाने पुरवली.

आमच्या मराठीच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हे तर मात्रांचं झालं. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. दहा मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? प्रश्न तोच, फक्त पायऱ्यांच्या जागी मात्रा. त्यांनी आपल्या तासाला तो विचारला आणि मुलांनी फळ्यावर काही न मांडता एकोणनव्वद सांगितलं. सर चाट पडले, कारण त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. हा हिशेब छंदशास्त्रवाल्यांनी फार आधी केलेला आहे. विरहांकाने केला, आणि जैन आचार्य हेमचंद्राने ११५०च्या सुमारास स्वच्छ मांडला. युरोपात तो ज्याच्या नावाने ओळखला जातो त्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. हेमचंद्र आणि भास्कराचार्य एकाच काळातले, एक गुजरातेत छंद मोजत होता आणि दुसरा इकडे मूर्ती.

छंदाच्या वाटेला लागल्यावर गण आलेच. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू. गण आठच का, हा प्रश्न आता कुणाला पडलाच नाही, दोन दुणे चार, चार दुणे आठ. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, म्हणजे य गण चारदा, ओळीत बारा अक्षरं. लघू-गुरूच्या बारा अक्षरी ओळी एकूण ४,०९६ होतात, त्यांतली ही एक. हे ऐकून एका मुलीने विचारलं, बाकीच्या चार हजारांची नावं आहेत का?

पण खरी मौज 'यमाताराजभानसलगा' या ओळीत आहे. गण लक्षात राहावेत म्हणून ही ओळ पिढ्यान्‌पिढ्या पाठ करतात. य गण हवा तर य पासून तीन अक्षरं घ्या: यमाता, लघू-गुरू-गुरू. म गण हवा तर मातारा. मी मुलांना एवढंच म्हटलं की ओळीतली अक्षरं मोजा. दहा. आठ गण, प्रत्येकी तीन अक्षरं, म्हणजे चोवीस अक्षरं लागायला हवीत, मग दहात भागलं कसं? आणि दहाहून कमी अक्षरांत भागेल का?

कमी अक्षरांत भागणार नाही हे लवकर निघालं: तीन अक्षरांत पहिला गण, मग प्रत्येक नव्या अक्षराला फार तर एक नवा गण, म्हणून तीन अधिक सात. मग एकाच्या लक्षात आलं की शेवटची दोन अक्षरं लघू-गुरू आहेत आणि पहिली दोनही तीच. ओळ वळवून गोल केली तर आठच अक्षरं पुरतात. हे सापडल्यावर मुलांनी चिंचोके आणि खडे आणले, चिंचोका म्हणजे गुरू, खडा म्हणजे लघू, आणि जमिनीवर रिंगण मांडलं. तीनतीनच्या आठही तऱ्हा रिंगणात एकेकदाच. लगेच पुढचा हट्ट: चारचारचं करू. चारचारच्या सोळा तऱ्हा, म्हणजे सोळांचं रिंगण. इथे फसगत सुरू झाली. दहा-अकरापर्यंत छान जायचं, मग काहीही ठेवलं तरी दुबार.

इथे मी एक चित्र दिलं, पण कारण दिलं नाही. तीनच्या रिंगणासाठी चार ठिपके काढले: लघू-लघू, लघू-गुरू, गुरू-लघू, गुरू-गुरू. एका जोडीपुढे एक अक्षर वाढवलं की गण होतो आणि आपण दुसऱ्या जोडीवर पोचतो, तो एक बाण. आठ गणांचे आठ बाण. प्रत्येक बाणावरून एकदाच जायचं आणि परत यायचं. हे पाहिल्याबरोबर दोघीतिघी एकदम म्हणाल्या, हे तर पेन न उचलता पाकीट काढायचं तेच! वहीच्या मागच्या पानावर ते पाकीट सगळ्यांनी काढलेलं असतं. गणिती ऑयलरने १७३६ साली क्योनिग्जबर्ग गावच्या सात पुलांचा प्रश्न सोडवला तो असाच: ठिपक्यात जेवढ्या वाटा आत येतात तेवढ्या बाहेर जातात का ते बघा. आमच्या ठिपक्यात दोन येतात, दोन जातात. चारच्या रिंगणाला आठ ठिपके आणि सोळा बाण लागले. मुलांनी ते चित्र काढलं, वाट काढली, आणि वाटेवरची अक्षरं जमिनीवर मांडली. जमलं. दुपारी पटांगण झाडणाऱ्या मावशींनी ते उचलून फेकलं म्हणून थोडी रडारड झाली, पण वाट वहीत होती.

पत्त्यांच्या तासाची मात्र गावात चर्चा झाली. शाळेत पत्ते खेळवतात, असं एका आजोबांच्या कानावर गेलं आणि ते खात्री करायला आले. मी त्यांना मागे बसवलं. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशी सोळा पानं चार ओळींत मांडायची. कोणत्याही आडव्या किंवा उभ्या ओळीत चित्रही पुन्हा येऊ नये आणि रंगही पुन्हा येऊ नये. आजोबा थोडा वेळ बसले, मग पुढे सरकले, मग त्यांनी एका गटाला सांगितलं की राणी तिथून हलवा. गट म्हणाला, हलवली तर बदाम दोनदा येतो. तास संपला तरी ते उठेनात.

तीनच्या चौकोनाला जमतं, चारला जमतं, पाचला जमतं. दोनला जमत नाही हे मुलांनी दोन मिनिटांत पटवून दिलं. मग मी सहाचा चौकोन दिला, पत्त्यांऐवजी रंगीत चिठ्ठ्या देऊन, आणि तो होत नाही हे सांगितलं नाही. यावरून मला ऐकून घ्यावं लागलं. अशक्य गोष्टीवर पोरांना झुलवणं हा कुठला न्याय, असं एका सहकाऱ्याचं मत. माझं मत असं की होत असणारच हे गृहीत धरण्याची सवय पुस्तकाने लावलेली आहे. पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण सुटतंच, म्हणून मुलं ते सोडवतात. न सुटणारं एखादं भेटल्याशिवाय 'सुटत नाही' हेही सिद्ध करावं लागतं, हे त्यांना कळणार कसं? पोरं हरली, पण 'होत नाही' असं म्हणायला एकही तयार झालं नाही, कारण तसं का, हे सापडलं नव्हतं. हे मला उत्तराइतकंच मोलाचं वाटलं.

मग गोष्ट सांगितली. ऑयलरने १७८२ साली सहा पलटणींतल्या छत्तीस अधिकाऱ्यांचा हाच प्रश्न मांडला आणि तर्क केला की सहाला होत नाही, तसं दहालाही होणार नाही, चौदालाही नाही. सहाचं त्याचं म्हणणं पुढे खरं ठरलं. दहाचं मात्र १९५९ साली खोटं ठरवलं तिघांनी: राजचंद्र बोस, अर्नेस्ट पार्कर आणि शरच्चंद्र श्रीखंडे. श्रीखंडे नागपूरच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभाग उभा करणारे, शंभरी ओलांडून २०२० साली गेले. दहाच्या चौकोनाची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली होती. जगातला मोठ्यातला मोठा गणिती जे होणार नाही म्हणाला होता ते पावणेदोनशे वर्षांनी मांडून दाखवणाऱ्यांत आपला माणूस होता, हे ऐकून वर्गाने टाळ्या वाजवल्या. एकीने शांतपणे विचारलं, "मग सहाचं नक्की होत नाही का?" होत नाही, हे मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, पण चिठ्ठ्या घरी मागून नेल्या.

"पोर्शनचं काय?" हे विचारणारेही आहेत आणि ते चुकीचं विचारत नाहीत. शनिवारच्या तासाचा थेट फायदा मला एका ठिकाणी दिसला, दहावीच्या संभाव्यतेत. नमुना अवकाश लिहा म्हटलं की ही मुलं क्रम लावून लिहितात, दोन फाशांच्या छत्तीस जोड्यांतली एक सुटत नाही. बाकी गुणपत्रिकेत काय उजेड पडला ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पुण्यात गणिती श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ऑलिंपियाडची तयारी तिथे होते. जिंतूर-मंठा रस्त्यावरच्या फाट्यावरून ती दोन्ही गावं लांब पडतात. मला ऑलिंपियाडची मुलं घडवायची नव्हती. वही टेबलावर आणण्याआधी मुलाने ती शेजाऱ्याला दाखवावी, एवढीच माझी अपेक्षा होती, आणि ती बऱ्यापैकी पुरी झाली.

भजनी मंडळात पेटी वाजवणारा एक मुलगा आहे. त्याच्यासाठी म्हणून मी शार्ङ्गदेव आणला. आमच्या देवळांना ज्यांच्या काळातली म्हणतात त्या यादवांच्या देवगिरीत, सिंघण राजाच्या पदरी, तेराव्या शतकात हा माणूस हिशेबाच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता, आणि त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात स्वरांच्या ५,०४० ताना होतात हे तर त्याने सांगितलंच, पण त्या एका ठरावीक क्रमाने लावून, कितवी तान कोणती हे यादी न करता काढायची युक्तीही दिली. आम्ही चारच स्वर घेतले. सा रे ग म ही पहिली, रे सा ग म ही दुसरी, आणि म ग रे सा ही चोविसावी. पहिल्या सहा म वर संपतात, पुढच्या सहा ग वर, मग रे वर, मग सा वर. सतरावी कोणती? सतरामधून पहिली वजा करा, सोळा उरले. सोळात बारा गेले, म्हणजे शेवटी रे. उरले चार, दोन-दोनच्या दोन जोड्या गेल्या, म्हणजे त्याआधी सा. बाकी शून्य, म्हणून ग म तसेच. ग म सा रे. पेटीवाल्याने ती वाजवली. मग पोरं आकडा सांगायची आणि तो तान वाजवायचा. तो हिशेब बोटांवर करत होता आणि वर्ग यादीत तपासत होता.

त्याच तासाला मागून प्रश्न आला. लक्ष्मीच्या वरच्या दोन्ही हातांत कमळच असतं, मग चार हातांत दोन कमळं, एक शंख आणि एक गदा दिली तर मूर्ती किती? वर्गाचे दोन तट पडले, चोवीस आणि बारा. चोवीसवाले म्हणत, कमळं दोन आहेत ना, मग ती वेगळीच. भांडण मिटवलं ते एका मुलीने लाल पेनने. "एका कमळावर टिंब द्या. चोवीस होतेत. आता टिंब पुसा. दोन-दोन मूर्ती एक होतेत." तीन कमळं असती तर सहा-सहा एक होऊन चार राहिल्या असत्या, हे तिने न विचारता सांगितलं.

मग मी त्यांना अंकपाशातलं भास्कराचार्यांचंच उदाहरण दिलं: ४, ८, ५, ५, ५ या अंकांच्या पाच आकडी संख्या किती आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? संख्या वीस, हे टिंबाच्या युक्तीने लगेच आलं, एकशेवीसमधल्या सहा-सहा एक होतात. बेरजेसाठी मात्र सगळ्यांनी वीस संख्या एकाखाली एक लिहायला घेतल्या. एककाची बेरीज १०८ आली. दशकाचीही १०८. शतकाची करताना एकाने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, प्रत्येक घरात चार वेळा ४, चार वेळा ८ आणि बारा वेळा ५ येणार, मग १०८ सोडून दुसरं येईल कुठून? उरलेली दोन घरं कुणी बेरजेला घेतलीच नाहीत. ११,९९,९८८. लीलावतीतही तेच आहे, पण पुस्तक उघडून बघा असं म्हणायला वर्गातून कुणी आलं नाही.